माझ्या समक्ष काढलेले फोटो

आमच्या घरात फोटो दोनच कारणांसाठी निघायचा. एक लग्नाच्या वेळी आणि दुसरा पेन्शनच्या कागदांसाठी. माझे वडील सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले, आजोबांनीही कचेरीतच जन्म काढला होता. जामबागच्या आमच्या घरातून तारखेशिवाय आणि सहीशिवाय एक चिठोरं बाहेर जात नसे. दूधवाल्याला ‘उद्या दूध नको’ अशी चिठ्ठी लिहिली तरी बाबा खाली सही ठोकायचे. आम्ही बहिणी हसायचो. पण ती सवय माझ्या हाडीमाशी कधी खिळली ते मला कळलं नाही, आणि शेवटी तिनेच घात केला. माझा नव्हे. माझं काहीच बिघडलं नाही, मी आजही तीन खोल्यांच्या घरात पंख्याखाली बसून हे लिहिते आहे.

मी जामबागच्याच एका शाळेत शिकवायचे. लग्नानंतर काही वर्षांनी आम्ही कुकटपल्लीला सरकारी नोकरांच्या कॉलनीत घर बांधलं. तेव्हा तिथे रिक्षावाले यायला कुरकुर करायचे. कॉलनीच्या मागे तळं होतं. तळ्याच्या एका अंगाला दगडी घाट, घाटाला लागून धोब्यांची पंधरावीस घरं. गॅलरीत उभं राहिलं की दोरीवरच्या चादरी दिसायच्या आणि दगडावर कपडे आपटल्याचा आवाज यायचा. मला तो आवाज आवडायचा असं आता म्हणणं सोपं आहे. तेव्हा रविवारची झोपमोड होते म्हणून मी चिडायचे.

मग ती वर्षं आली. देशाचे दरवाजे उघडले, असं पेपरात यायचं. दिलसुखनगरला क्लासेसच्या पाट्यांवर पाट्या चढल्या, आमच्या बाजूला पुण्यामुंबईची कॉम्प्युटरवाली मंडळी भाड्याने राहायला आली, आणि कॉलनीतल्या बायका केबलवर दुपारभर मालिका बघायला लागल्या. वरच्या अंगाला औषधांचा कच्चा माल करणारे कारखाने होतेच, ते वाढले. त्यांच्यापैकी एकाने पाइप टाकून आपलं सांडपाणी सरळ तळ्यात सोडलं. पाणी आधी फिक्या चहासारखं झालं, मग कडक चहासारखं. पहाटे उजाडायच्या आत पाइप सुटायचा, आणि सकाळी खिडकी उघडली की डोळे चुरचुरायचे.

आमचे कपडे धुणारी परटीण माझ्याहून चारपाच वर्षांनी मोठी होती. तिची सासूही त्याच घाटावर धुवायची. सव्वीस जानेवारीच्या झेंड्याला नेसायची माझी पांढरी साडी तिने एकदा पिवळे डाग पाडून आणली. मी तिला दारातच झापलं. शेजारणी ऐकत होत्या, म्हणून जरा जास्तच झापलं. तिने दोन्ही हात माझ्यासमोर धरले. बोटांच्या बेचक्यांतली कातडी सोलून निघाली होती.

“पानी खराब हुआ टीचरम्मा,” ती म्हणाली. “मेरा काम खराब नै हुआ.”

मी साडी आत नेऊन ठेवली. तिच्या हाताला लावायला काही आणावं हे मला सुचलं नाही.

त्या वर्षात कॉलनीतली निम्मी घरं तिच्या हातून गेली. कुणी दुसरा धोबी लावला, कुणी वॉशिंग मशीन आणलं आणि पहिले काही दिवस ते हॉलमध्येच ठेवलं, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावं म्हणून. ज्या घरांनी तिला सोडलं त्या प्रत्येक घरी ती जाऊन विचारायची, कौनसा कपडा बिगड़ा, दिखाओ. तिला ती गोष्ट जिवाला लागत होती. धोबिणीच्या कपड्यावर डाग, म्हणजे आमच्या घरात कागदाखाली सही नसण्यासारखं. तिला एकच हवं होतं. तो पाइप बंद व्हावा आणि तिचा घाट पहिल्यासारखा व्हावा.

अशात एक संस्था आली. दिल्लीची होती, पैसा बाहेरचा होता, आणि आमच्या भागाचं काम पुण्याहून आलेल्या एका मुलीकडे होतं. तिचा नवरा कॉम्प्युटर कंपनीत. खादीचा कुडता, खांद्याला झोळी, आणि मराठी इतकी शुद्ध की मी आमची उर्दू-तेलुगू मिसळलेली मराठी बोलायला लागले की तिच्या ओठांचा कोपरा हलायचा. “काकू, तुम्ही किती गोड बोलता,” असं ती म्हणायची, म्हणजे काय ते मला कळायचं. तिने कॉलनीच्या हॉलमध्ये दहा प्लास्टिकचे कॅमेरे मांडले. पाच कॉलनीतल्या बायकांना, पाच घाटावरच्या. आपलं तळं आपल्या डोळ्यांनी दाखवा, असं तिचं म्हणणं. पाइपविरुद्ध घाटावरच्यांनी केलेल्या अर्जाची सुनावणी लागणार होती. त्या अर्जाला हे फोटो जोडायचे, आणि आधी शहरात एक प्रदर्शन भरवायचं, म्हणजे चार मोठी माणसं बघतील.

मला मुख्य केलं, कारण मी शिक्षिका आणि मला सगळ्यांशी बोलता यायचं. मी तो मान आनंदाने घेतला. घरी जाऊन बाबांना फोन केला तर ते पहिल्यांदा हेच म्हणाले, “प्रत्येक फोटोच्या मागे तारीख, ठिकाण आणि सही पाहिजे. नुसता फोटो म्हणजे चित्र. सही असेल तर पुरावा.” मग त्यांनी मला मजकूरही सांगितला, इंग्रजीत, एकेक शब्द तोलून: हे छायाचित्र माझ्या समक्ष काढलेले असून ते सत्य आहे.

दुसऱ्या दिवसापासून दहा बायका कॅमेरे गळ्यात घालून फिरू लागल्या, आणि पहिल्याच आठवड्यात माझ्या लक्षात आलं की गडबड होते आहे. आमच्या कॉलनीतल्या बायका कांजीवरम नेसून तळ्याकडे पाठ करून एकमेकींचे फोटो काढत होत्या. घाटावरच्या एकीने आधी दगड घासले, रांगोळी काढली आणि मग फोटो काढला. मी तिला म्हटलं, अगं घाण दाखवायची आहे. तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी तिला पाहुण्यांसमोर उष्टी भांडी मांडायला सांगत होते.

आमच्या परटिणीने तर कमाल केली. ती तीन आठवडे कॅमेरा घेऊन बसून राहिली. मी विचारलं की “करती मैं, करती,” म्हणायची. एका रविवारी सकाळी ती माझ्या दारात आली, बरोबर तिची जाऊ आणि चार बादल्या.

“नळ का पानी होना टीचरम्मा. थोड़ा.”

कॉलनीच्या नळाचं पाणी बाहेरच्या कुणाला द्यायचं नाही, असा आमचा नियम होता. पाणी एक दिवसाआड यायचं. नियम करणारे सेक्रेटरी म्हणजे माझेच यजमान. ते बाजारात गेले होते. मी मागचा नळ सोडला आणि त्या दोघींनी सहा खेपा केल्या. तिने घरोघरी मागून आणलेल्या पांढऱ्या चादरी, धोतरं आणि माझी ती डागाळलेली साडीसुद्धा नळाच्या पाण्यात धुतली, नीळ दिली, आणि मग ओले पिळे घाटावर नेऊन दोऱ्यांवर पसरले. रविवारी पाइप सुटत नसे. वारा दुसऱ्या दिशेला होता. सूर्य मागून येत होता. तिने कॅमेरा डोळ्याला लावला आणि श्वास रोखून एकच फोटो घेतला.

मी तिच्या शेजारी उभी होते. मी म्हटलं, “ये कायकू? डाग का फोटू निकालना था ना.”

“डाग का फोटू सब लोगां देखेंगे,” ती म्हणाली. “फिर कौन देंगे मेरेकू कपड़े?”

यावर मी काहीतरी बोलायला हवं होतं. फोटो कशासाठी आहेत, कोण बघणार, काय ठरणार, हे तिला पुन्हा एकदा बसवून समजवायला हवं होतं. वर्गात एका गणितासाठी मी चार तास घालवायचे. पण त्या चादरी उन्हात अशा झळकत होत्या की मला वाटलं, राहू दे, हिचा एक फोटो चांगला येऊ दे, घाण दाखवायला मी आहे.

आणि मी दाखवली. पहाटे उठून पाइपाजवळ जाऊन मी अख्खा रोल संपवला. छत्तीसांतले सात आले. बाकीचे काळे. त्या खेळण्यातल्या कॅमेऱ्याला पहाटेचा उजेड पुरत नव्हता, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. सातांपैकी दोनांत पाइप होता, पण तो पाइप आहे हे मला माहीत होतं म्हणून कळत होतं. फेस तर पिंजलेल्या कापसासारखा सुंदर दिसत होता. वास काही फोटोत येत नाही.

फोटो धुवायचं काम संस्थेने दिलसुखनगरच्या एका लॅबला दिलं होतं. पुण्याची मुलगी आणि मी दोघी आणायला गेलो. तळ्याचं पाणी निळं होतं. सगळ्या फोटोंत, निळंशार. मी काउंटरवरच्या माणसाला विचारलं, हे काय.

“पीला मार रा था मॅडम,” तो खूश होऊन म्हणाला. “पूरे बराबर कर दिया मैं.”

मी म्हटलं, पिवळंच पाहिजे, परत काढा. त्याने मशीनकडे बोट दाखवलं, ते आपोआपच करतं म्हणाला, आणि पुन्हा काढायचे तर आठ दिवस लागतील. प्रदर्शन चार दिवसांवर होतं. पुण्याच्या मुलीने तोवर परटिणीचा फोटो हातात घेतला होता आणि तिचे डोळे भरून आले होते. खोटं नाही सांगत, खरंच भरून आले होते.

“काकू, हा बघा. ह्यात जगणं आहे,” ती म्हणाली. “पाइप काय, कुणीही दाखवेल.”

मला तेव्हाच तिचा राग यायला हवा होता. आला नाही. उलट अभिमान वाटला, आमच्या बाईने काढलाय म्हणून. त्या संध्याकाळी मी जेवणाच्या टेबलावर सगळे निवडलेले फोटो पालथे घातले आणि प्रत्येकाच्या मागे बाबांनी सांगितलेला मजकूर माझ्या वळणदार अक्षरात लिहिला. तारीख, ठिकाण, सही. परटिणीच्या फोटोमागेही लिहिला. माझ्या समक्ष काढलेला होता, त्यात खोटं काही नव्हतं.

प्रदर्शनाला शहरातले बरेच लोक आले. सामोसे होते. चादरींच्या फोटोसमोर गर्दी झाली, एका बाईंनी परटिणीचा हात हातात घेतला आणि मग हळूच सोडून रुमालाने आपला हात पुसला. पुण्याच्या मुलीने प्रत्येक बाईला तिच्या फोटोची मोठी प्रत चौकटीत घालून दिली. त्या प्रतींच्या मागेही मी सही केली होती. परटिणीने ती चौकट साडीच्या पदरात गुंडाळून बसमधून नेली.

सुनावणी एका सरकारी इमारतीच्या वरच्या मजल्यावर होती. अधिकारी मधे, एका बाजूला कारखान्याचा वकील, दुसऱ्या बाजूला आम्ही. मागच्या खुर्च्यांवर कॉलनीची मंडळी होती. पहिल्या रांगेत आमचे यजमान आणि ज्यांच्याकडे परटिणीचं काम अजून टिकून होतं अशा पाचसहा बायका. पुण्याची मुलगी नव्हती. तिला दिल्लीला रिपोर्ट द्यायचा होता.

वकील सभ्य होता. आवाज चढवला नाही, कुणाला तोडलं नाही. त्याने स्वतःचा एकही कागद काढला नाही. आमच्याच अर्जाला जोडलेले फोटो उचलले, चादरींचा वर ठेवला, आणि मला बोलावलं.

ही सही आपली का, असं त्याने इंग्रजीत विचारलं. मी हो म्हटलं. हा फोटो आपल्यासमोर काढला का. हो. आपण शिक्षिका आहात का. हो. मग त्याने फोटोमागचा मजकूर अधिकाऱ्यांना वाचून दाखवला. ‘सत्य’ या शब्दावर तो जरासा थांबला. मला बाबांचा आवाज ऐकू आला.

मग त्याने परटिणीला फोटो दाखवला आणि उर्दूत विचारलं, “ये कपड़े आपने धोए?”

“हौ साब.”

“इसी तालाब पर?”

तिने एकदा मागे वळून पाहिलं. पहिल्या रांगेतल्या बायका तिच्याकडे बघत होत्या. मग तिने माझ्याकडे पाहिलं. तिची नजर माझ्यावरून हलली नाही, वाट बघत असल्यासारखी. मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. हे कपडे माझ्या नळाच्या पाण्यात धुतले आहेत साहेब, तळ्यात धुतले असते तर पिवळे झाले असते, माझी साडी झाली होती तसे. एवढंच. पण ते बोलले असते तर मी सहीनिशी लिहिलेलं अर्धवट ठरलं असतं, आणि सेक्रेटरींच्या बायकोने चोरून पाणी दिलं हे साऱ्या कॉलनीला कळलं असतं. यजमान माझ्यापासून दोन हातांच्या अंतरावर बसले होते. मी माझ्या पर्सचा बंद चाचपत राहिले.

“हौ साब,” ती म्हणाली. “मेरे धोए कपड़ों पे डाग नै रहता.”

वकील म्हणाला, मला आणखी काही विचारायचं नाही.

निकाल दोन पानांचा आला. पाणी कपडे धुण्याच्या नेहमीच्या वापरास योग्य असल्याचं अर्जदारांच्याच पुराव्यावरून दिसतं, असं त्यात होतं. पाइप राहिला. बाबांना मी निकाल वाचून दाखवला तर ते म्हणाले, “पण सही तर बरोबर होती.” त्यांना मी नळाचं कधीच सांगितलं नाही. यजमानांनाही नाही. पुण्याच्या मुलीने पुढच्या वर्षी संस्थेचं कॅलेंडर पाठवलं. पहिल्याच पानावर चादरी होत्या. मी ते गुंडाळी न सोडता माळ्यावर टाकलं. तिचा राग मी पुष्कळ वर्षं केला, फार सोयीचा राग होता तो.

पुढचं सांगण्यासारखं नाही, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर झालं. तळ्यात मासे उलटे तरंगले, मग तळं मेलंच आहे तर भरायला काय हरकत, असं म्हणत राडारोड्याचे ट्रक आले. घाट बुजला. धोब्यांची घरं गेली. जिथे दोऱ्या होत्या तिथे पाच मजली फ्लॅट उभे राहिले, आणि आमच्या कॉलनीच्या जागांचे भाव वाढले म्हणून सगळे खूश झाले. मीही झाले.

परटीण फ्लॅटच्या जिन्याखाली इस्त्रीचं टेबल टाकून बसू लागली. धुणं संपलं होतं तिचं, घरोघरी मशिनं होती. मी त्या रस्त्याने जायचं टाळायचे. शाळेतून निवृत्त झाले त्या वर्षी मात्र एका लग्नासाठी दोन साड्यांना इस्त्री पाहिजे होती, आमची वीज गेली होती, आणि मी गेले.

तिने मला लगेच ओळखलं, स्टूल पुसून दिलं. टेबलाच्या मागच्या भिंतीवर ती चौकट होती. निळं पाणी, पांढऱ्या चादरी. फ्लॅटमधली एक तरुण बाई कपडे द्यायला आली, नवी होती, गॅलरीतून येणाऱ्या वासाबद्दल कुरकुरत होती. इथे कधी तळं होतं असं म्हणतात, खरं का, असं तिने सहज विचारलं.

परटिणीने इस्त्री उभी ठेवली, हात पुसले, आणि चौकट खिळ्यावरून काढली. फोटो तिला दाखवला. मग चौकट उलटी केली. मागच्या पुठ्ठ्यावर माझी शाई अजून स्पष्ट होती.

“ऐसा था हमारा चेरुवु,” ती म्हणाली. “पानी एकदम साफ था, मैं इसीच में धोती थी. पीछे टीचरम्मा की सही है देखो. ये टीचरम्माइच. टीचरम्मा झूट नै लिखते.”

ती तरुण बाई माझ्याकडे बघून हसली. परटीण हसत नव्हती. ती माझ्याकडे तशीच बघत होती, त्या दिवशी बघितलं होतं तशी, आणि मला आजतागायत कळलेलं नाही की ती मला मान देत होती की पुन्हा एकदा विचारत होती.

मी म्हटलं, “हौ.”

तिने चौकट परत खिळ्याला लावली आणि माझ्या साड्या घ्यायला हात पुढे केला.